नव्या हुकातली जुनी पिन

जालन्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. गिऱ्हाईक आत येतं, माझ्याकडं बघतं, मग माझ्या पाठीमागं बघतं आणि विचारतं, मालक कुठं आहेत. मालक चहाला गेलेले असतात. ते आले तरी मलाच विचारणार असतात. हे गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ मी मुद्दाम लांबवते. दिवसभर उभं राहून पायांना गोळे येतात, तेव्हा एवढी गंमत तर पाहिजेच.

ट्रॉली ट्रॅक्टरला जिथं जोडतात, तिथला माल हा माझा खास विषय. लोकांना वाटतं लोखंड म्हणजे लोखंड. तसं नसतं. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याची ताकद वेगळी, त्याला बसवलेल्या हुकाची वेगळी, हुकाच्या दोन जबड्यांतून आरपार जाणाऱ्या पिनेची वेगळी आणि ट्रॉलीच्या दांड्याला असलेल्या कड्याची वेगळी. चांगल्या मालावर ती टनांत ठोकलेली असते. ओढायचा आकडा निराळा आणि वरून पडणाऱ्या दाबाचा निराळा. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच अख्ख्या जोडणीचा आकडा धरायचा. आणि हे सगळं माल नवा असतानाचं. पिन झिजली की तिच्यावर काय ठोकलंय ते वाचत बसण्यात अर्थ नसतो. मी हे इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की मालक म्हणतात, बाईंना झोपेतून उठवलं तरी त्या पिनेवर बोलतील.

माहेरी मात्र माझ्या नोकरीला ‘नटबोल्ट विकणं’ असंच नाव होतं. माहेर घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. माझ्यापेक्षा लहान भाऊ तिथं शेती करतो आणि हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला स्वतःच्या ट्रॅक्टरनं ऊस ओढतो. त्याला कधी काही लागलं तर तो घनसावंगीतून घ्यायचा, नाहीतर अंबडहून. माझ्या दुकानात कधी यायचा नाही. मी विचारायची नाही, पण मला ते लागायचं. मी रागीट आहे आणि माझा राग लगेच निघत नाही, आत मुरत राहतो.

यंदा हंगाम संपल्यावर तो पहिल्यांदा दुकानात आला. जुन्या हुकाचे जबडे ताणून फाकले होते. मला इतका आनंद झाला की मी ताबडतोब त्याच्यासाठी चहा सांगितला आणि दुकानातलं सगळ्यांत दणकट हूक खाली काढलं. त्यावरचा आकडा मी मुद्दाम मोठ्यानं वाचला, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा. भावानं हूक हातात तोलून बघितलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. ते हूक पिनेशिवाय येतं. पिन कोणती घालणार, किती जाडीची, किती जुनी, हे मी कुणालाही सगळ्यांत आधी विचारते. तो आपणहून म्हणाला, पिन हाय घरी. मी बरं म्हणाले. मला त्याच्या तोंडावरचं कौतुक बघायचं होतं, आणि त्या नादात विचारायचं राहिलं.

मग धोंड्याचा महिना आला, ऐन उन्हाळ्यात. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान, अनारसे, आणि बायकांची गोदावरीवर आंघोळ. माझा नवरा संध्याकाळी जेवायला येणार होता. मी आदल्या दिवशीच गेले होते. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ट्रॉलीतून नदीवर न्यायचं भावानं ठरवलं होतं. ट्रॉली धुऊन त्यात कडबा पसरला होता, वर सतरंज्या टाकल्या होत्या आणि पुढच्या अर्ध्या भागावर जुन्या साड्या ताणून सावली केली होती.

सकाळी मी अंगणात आले तर तो शेजारच्या काकूंना हूक दाखवत होता. या काकू ट्रॉलीत कधी बसत नाहीत. त्यांना भीती वाटते, त्या शेअर जीपनंच फिरतात. तो त्यांना सांगत होता की हे हूक ताईनं स्वतः काढून दिलंय, ती जालन्यात ह्याच कामात आहे, ह्याला काही व्हायचं नाही. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मंग मी बी येते, म्हणाल्या आणि पिशवी आणायला घरात गेल्या. इतक्या वर्षांनी माझ्या कामाला माझ्याच गल्लीत किंमत आली होती. मला फार बरं वाटलं.

निघायच्या आधी भावानं चाकापाशी नारळ फोडला. हुकाला हळदकुंकू लावायचा मान माहेरवाशिणीचा म्हणून मला पुढं केलं. मी वाकले आणि तेव्हा पिन दिसली.

जुनीच पिन होती. नव्या हुकाचं भोक जाड पिनेसाठी केलेलं, त्यात ही बारीक, सैल उभी होती. भोवतीनं उजेड दिसत होता. मध्ये, जिथं ट्रॉलीचं कडं घासतं, तिथं ती झिजून बाटलीच्या गळ्यासारखी बारीक झाली होती. खाली लॉकच्या जागी तार पिळून बांधली होती. पिन गेलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी जादा साखळीही नव्हती. बोटाला कुंकू तसंच घेऊन मी वाकलेली राहिले आणि डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला. सपाट रस्त्यावर कदाचित काही होणार नाही. पण नदीवर उतरायला मोठा उतार आहे, मुरमाचा, खड्ड्याखड्ड्यांचा. येताना भरलेली ट्रॉली त्या चढावर संपूर्णपणे या एका पिनेला लटकणार. ट्रॉलीला ब्रेक नसतो. पिन गेली तर ट्रॉली मागं पळणार, आणि मागं नदी आहे.

बोलायला पाहिजे होतं, तिथंच, मोठ्यानं. पण नारळ फुटला होता. आमच्याकडं एकदा नारळ फुटला की मोडणं, तुटणं, उलटणं हे शब्द तोंडातून काढायचे नसतात. साधं जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. मीसुद्धा त्यातच वाढले आहे. काउंटरवर उभं राहून अनोळखी माणसाला ‘ही पिन तुटेल’ म्हणणं मला सोपं जातं. आईच्या अंगणात हळदकुंकवाचं ताट हातात धरून ते जड गेलं. मी भावाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की पिन बदलल्याशिवाय निघू नको.

तो काही तसा मूर्ख नाही. त्यानं वाकून पिन बघितली आणि म्हणाला,

“ताई, हंगामभर ऊस ओढलाय हिनं. बायका उसापेक्षा जड हायेत का?”

वजनाचं त्याचं बरोबरच होतं. उसाच्या मानानं बायकांचं वजन काहीच नाही. पण हंगामभर ऊस ओढला म्हणूनच ती झिजली, हे मी सांगायला लागले आणि माझा आवाज चढला. बायका आमच्याकडं बघायला लागल्या. मग तोही सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून बोलला.

“दुकानातलं दुकानात ठेव, ताई. इथं गिऱ्हाईक न्हाई कोणी.”

बायका खळखळून हसल्या. त्यांना आमचं काय चाललंय ते कळलं नव्हतं, बहीणभावाची थट्टा एवढंच कळलं. भावजय माझ्याजवळ येऊन पुटपुटली, वन्सं, निघताना अभद्र नका बोलू. मी निदान एवढं तरी म्हणाले की सगळ्या पुढं गर्दी करू नका, थोड्या मागं सरका, पुढचं वजन हुकावर येतं. त्यावर आणखी हसू झालं. मागं ऊन होतं, सावली पुढं होती. कोण सरकणार?

माझे कान तापले. त्या अपमानात मी काय करायला हवं होतं ते मला आज लख्ख दिसतं. काकूंचा हात धरून म्हणायचं होतं, तुम्ही जीपनं या. आईला खाली उतरवायचं होतं. रस्त्यात आडवं उभं राहायचं होतं. मी त्यातलं काही केलं नाही. पिशवी उचलली, ट्रॉलीत चढले आणि पुढच्या फाळक्याला, ट्रॉलीच्या लोखंडी भिंतीला, टेकून बसले, कारण फाळक्याच्या फटीतून जोडणी दिसत होती. आई माझ्या समोर बसली होती, अनारशांचा डबा मांडीवर घेऊन.

ट्रॅक्टर निघाला. बायकांनी गाणी सुरू केली. प्रत्येक खड्ड्याला पिन भोकात आपटायची आणि ठण्ण आवाज व्हायचा. गाण्यात तो कुणाला ऐकू येत नव्हता. मी मात्र तोच ऐकत होते. आणि गाव मागं पडता पडता माझ्या मनात आलं, तुटावी.

हे लिहितानाही मला लाज वाटते, पण जसं आलं तसंच सांगते. आधी मी जागा निवडून म्हणत होते. इथं सपाटीवर तुटावी, कुणाला खरचटूही नये, ट्रॉली नुसती जागच्या जागी बसावी, ट्रॅक्टर पुढं निघून जावा. भावाला मागं वळून बघावं लागावं. हसणाऱ्या सगळ्या बायकांसमोर त्याला ती पिन हातात घेऊन उभं राहावं लागावं आणि मी एक शब्दही बोलू नये. हे चित्र मी पुन्हा पुन्हा रंगवलं. कापसाची रानं मागं पडत होती, नांगरून ठेवलेली, उन्हानं पांढरी झालेली. खड्डा दिसला की मी आतल्या आत म्हणायची, आता.

मग उतार लागला. ट्रॉली मागून ट्रॅक्टरला रेटायला लागली, पिन पुढं मागं आपटायला लागली. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. त्या क्षणी तरी ती इच्छा मेली असेल असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मेली नव्हती. फक्त आता मी जागा निवडत नव्हते. समोर आई बसलेली होती आणि माझं लक्ष फटीत होतं.

काही झालं नाही. आम्ही सुखरूप खाली पोचलो. बायका पाण्यात उतरल्या, एकमेकींना पाठीवर पाणी घालू लागल्या, दिवे सोडले, फराळ झाला. आईनं मलाही बोलावलं. मी बुडी मारली. गंगेत पाप धुतलं जातं म्हणतात. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पाण्याखाली असतानासुद्धा मी परतीच्या चढाचा विचार करत होते, आणि माझ्या डोक्यात पिनेइतकंच भावाचं ते हसणंही होतं. दोन्हीतलं कोणतं जास्त होतं ते मी नक्की सांगू शकणार नाही.

परत निघायची वेळ झाली. बायका ओल्या साड्या पिळून ट्रॉलीकडं निघाल्या. काहीजणी चढूनही बसल्या. मी चाकापाशी उभी होते. बोलायची ही शेवटची संधी आहे हे कळत होतं. तोंड उघडलं की तो पुन्हा हसेल, एवढाच विचार मनात येत होता. तेवढ्यात आई म्हणाली की ती ट्रॉलीत बसणार नाही. अधिकात गंगेचा चढ पायी चढायचं तिनं बोललेलं आहे.

आईचे गुडघे गेलेले आहेत. घरात ती भिंतीला धरून चालते. भाऊ म्हणाला, आई, हे काय आता नवीन? पण देवाला बोललेलं म्हटल्यावर पुढं कुणी बोलत नाही. आणि म्हातारी बाई नवस म्हणून पायी चढणार आणि आपण बसून जायचं, हे कोणत्याच बाईला शोभणारं नव्हतं. एकेक करत सगळ्या खाली उतरल्या. काकू तर सगळ्यांत आधी. त्यांनी गाणं धरलं आणि बायकांची रांग चढाला लागली. भावानं मोकळी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर वर काढला.

आई सगळ्यांच्या मागं राहिली. मी तिच्याबरोबर. एक पाय टाकायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणायचा, थांबायचं, असं तिचं चढणं. मुरूम तापलेला होता. बऱ्याच वेळानं मी विचारलं की हे कधी बोलली होतीस.

“आत्ताच,” आई म्हणाली.

मला रडायला आलं. मी भराभरा सांगायला लागले, पिन कशी झिजली आहे, हुकाचं भोक कसं मोठं आहे, मी सकाळीच सांगितलं होतं, त्यानंच ऐकलं नाही, मला सगळ्यांत हसण्यावारी नेलं. आई दम खायला थांबली. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली,

“मला त्या लोखंडातलं काई कळत न्हाई, माय. मी येताना सारा रस्ता तुझ्या तोंडाकडं पाहून राह्यले व्हते. तू भ्यायली न्हवतीस. तू वाट पाहत व्हतीस.”

ती रागानं बोलली नाही. पुन्हा चालायला लागली. मी निदान नाही तरी म्हणायला हवं होतं.   मी तिचा दंड धरून चालत राहिले, आणि प्रत्येक पाऊल टाकतानाचं तिचं कण्हणं माझ्या हातापर्यंत येत होतं.

आम्ही वर पोचलो तेव्हा बायका लिंबाखाली बसून पाणी पीत होत्या. ट्रॅक्टर पुढं उभा होता, ट्रॉली त्यापासून सोडून चाकांखाली दगड लावून ठेवली होती. भाऊ माझ्याकडं चालत आला. त्याच्या हातात पिन होती. मोकळ्या ट्रॉलीलाही चढावर असे हिसके बसले की त्यानं वर येताच पिन काढून बघितली होती. मध्ये बारीक झालेली होतीच, आता वाकलीही होती. त्याचा चेहरा उतरला होता. वाटेनं मी रंगवलेलं चित्र जसंच्या तसं समोर आलं. सगळ्या बायका, भाऊ, हातात पिन. मला त्याच्याकडं बघवेना.

“ताईनं सकाळीच सांगितलं व्हतं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मीच ऐकलं न्हाई. चुकलं माझं.”

घनसावंगीहून जीपा बोलावल्यात, ट्रॉली इथंच ठेवू, नवी पिन मी ताईच्याच दुकानातून आणतो, असंही तो म्हणाला. सकाळी माझ्यावर हसला तितक्याच मोकळ्या मनानं त्यानं हे सांगितलं. त्याच्या जागी मी असते तर पिन खिशात घालून गप्प बसले असते.

बायकांना मग सगळं उलगडलं. एकीनं मागं वळून उताराकडं बघितलं, दुसरीनं छातीला हात लावला. आणि सगळ्या माझ्याकडं वळल्या. पोरगी शिकलेली म्हणून कळलं, म्हणाल्या. तुझं ऐकून घ्यायला आम्हाला अक्कल न्हवती, म्हणाल्या. भावजयीनं माझा हात धरला आणि सकाळी अभद्र म्हणाल्याबद्दल तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू उठून जवळ आल्या, त्यांनी माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आमच्या जिवावरचं टाळलंस गं बाई, म्हणाल्या.

मी त्यांना थांबवलं नाही. आईनं टाळलं, हेसुद्धा म्हणाले नाही. म्हटलं असतं तर आईनं काय पाहिलं तेही सांगावं लागलं असतं. मी खाली मान घालून उभी राहिले आणि बायकांना तो माझा विनय वाटला. एकेक जण येऊन माझी दृष्ट काढत होती. आई लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती, सुजलेले गुडघे दोन्ही हातांनी दाबत. सगळ्यांची पाळी झाल्यावर कुणीतरी तिला म्हणालं, तुम्ही बी काढा की लेकीची दृष्ट. आईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्यापुढं जाऊन बसले, आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्या गालांवरून हात फिरवले, पण बोटं मोडली नाहीत.